दोन घरं, एक विहीर

गोसावी मागच्या आठवड्यात घरी आला. आमच्या रंगाच्या कंपनीत तो कार्डं लिहायचा कारकून, मी मिक्सरवर. कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली. आता ठाण्यात जुन्या कामगारांचा मेळावा ठरलाय, त्यात सबनीस साहेबांचा सत्कार आहे आणि त्यासाठी एक छोटं पुस्तक निघणार आहे. प्रत्येकानं साहेबांची आठवण लिहायची.

"म्हात्रे, तू जवळून बघितलंस त्यांना. लिही," गोसावी बोलला.

"मी चौथी पास. आणि मी लिहिलेलं तुला छापवणार नाही."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग बोलला, "मी जन्मभर दुसऱ्याचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवलंय. तुझं पण उतरवीन."

म्हणून लिहितोय. माझी बायको हिरा जाऊन तीन महिने व्हायचेत. कंपनीतून तिला चोरटी म्हणून नाही, पण बेफिकीर म्हणून काढली. तिच्यावर जो डाग लागला तो तिचा नव्हता. तो कुणाचा होता ते मला ठाऊक आहे, आणि ती जिवंत असेपर्यंत बोलणार नाही असा शब्द तिनं माझ्याकडून घेतलेला. आता शब्द घेणारीच राहिली नाही. बाकीच्यांनी साहेबांवर फुलं उधळावीत. मी मला ठाऊक असलेला सबनीस लिहितो.

सत्त्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी साल असेल, तो कॉम्प्युटर सांभाळायला आला. डोंबिवलीचा माणूस. बारीक अंगकाठी, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पांढरे रुमाल. एक हात पुसायला, दुसरा नुसता घडी करून ठेवलेला. तो दुसरा रुमाल मी इतक्या वर्षांत उलगडलेला बघितला नाही. कंपनीनं काचेची खोली बांधलेली, आत कॉम्प्युटर आणि थंड हवा. बाहेर बूट काढायचे, आत निळ्या सपाता घालायच्या. मॅनेजर आला तरी सबनीस त्याला बूट काढायला लावायचा, पण अशा नरमाईनं की मॅनेजरला वाटायचं आपणच आपल्या मनानं काढले.

कुणावर ओरडला नाही कधी. झाडूवाल्याला पण "अहो" बोलायचा. साहेब लोकांचं टेबल वेगळं होतं, पण हा थाळी घेऊन आमच्या रांगेत उभा राहायचा. काही अडलं की मान एका बाजूला करून बोलायचा, "बघू या हं." आणि खरंच बघायचा. कुणाची चूक निघाली की त्याचं एक वाक्य ठरलेलं, "माणूस चुकत नाही हो, मांडणी चुकते." लोक खूश. आजवर कुठल्या साहेबानं आम्हाला असं सांगितलेलं?

मी खोटं लिहिणार नाही. माणूस गोड होता. गोड नसता तर मला एवढा राग आला नसता. कडू माणसाचं काय, त्याच्याकडून आपण आशाच धरत नाही.

हिरा वजनखोलीत होती. रंगाच्या एका घाणीत, म्हणजे मिक्सरवर एका वेळी निघणाऱ्या मालात, काय काय पडायचं ते किलोवर, ग्रॅमवर तिथं तोलून जायचं. सात बाया होत्या, हिरा त्यांच्यात सगळ्यात जुनी. एकदा ती बोलली, काटा खोटं दाखवतोय. मॅनेजर हसला. बोलला, "बाई, काटा परदेशातला आहे." सबनीस मात्र गेला, वजनाची मापं मागवली, एकेक ठेवून बघितलं. काटा खरंच सरकलेला. तेव्हा सगळ्यांसमोर बोलला, "हिराबाईंचा हात काट्यापेक्षा खरा आहे." हिरा तो दिवसभर हसत होती. संध्याकाळी बाळकुमला घरी येऊन पण हसत होती. मी बोललो, "सायबानं हात बगला काय गो तुझा?" तर तिनं पोळपाट उगारला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला सुक्या जवळ्याची चटणी नेऊन दिली. तो शाकाहारी. डबा उघडला, वास घेतला, इकडं तिकडं बघितलं आणि दहीभाताबरोबर सगळी संपवली. बोलला, "घरी सांगू नका हं." त्यानंतर महिन्यातनं एकदा तरी हिरा चटणी न्यायचीच. त्याच्या बायकोला आजवर ठाऊक नसेल. आता होईल.

आता कार्डांचं सांगतो, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक रंगाचं एक कार्ड. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, रंगाचं नाव आणि काय काय किती घालायचं ते. पण त्यातली एक वस्तू बाजारात मिळत नव्हती, ती आम्हीच बनवायचो, पेस्ट. तिचं स्वतःचं वेगळं शीट, कार्डाच्या मागं टाचलेलं. म्हणजे कार्डाच्या पोटात आणखी एक कार्ड. एखाद्या गिऱ्हाइकाला तोच रंग थोडा वेगळा पाहिजे असला की गोसावी सगळं नव्यानं हातानं उतरवून काढायचा, कार्ड पण आणि पोटातलं शीट पण. दोन दिवस जायचे. मान मोडायची त्याची. पण एका कार्डावर खाडाखोड केली तर दुसऱ्याला धक्का नाही. दोन वेगळे कागद, दोन वेगळे संसार.

सबनीसनं हे सगळं मशीनमधे घातलं. "नवीन कार्ड जुन्यासारखं" असं काहीतरी दाबलं की झालं. मग जिथं फरक हवा तेवढाच बदलायचा. दोन दिवसांचं काम चहा थंड व्हायच्या आत. त्यानं आणखी एक केलं. आधी वजनाच्या चिठ्ठ्या गोसावी तारेला टोचून ठेवायचा, वर्षानुवर्षाच्या. सबनीस बोलला, "कागद कशाला साठवायचे, सगळं आत आहे." तारा निघाल्या, चिठ्ठ्या जाळल्या. पुढं मशीनच कार्डावरून चिठ्ठी छापायचं, काम झालं की ती टोपलीत.

मी एकदा त्याला विचारलं, हे मशीन उतरवून घेतं म्हणजे नेमकं काय करतं? दुसरा साहेब असता तर बोलला असता, तुला काय करायचंय. सबनीसनं मला स्टुलावर बसवलं.

"म्हात्रे, तुमचं बाळकुमला घर आहे ना?"

"हाय."

"त्याची एक किल्ली तुम्ही मला दिली, एक तुमच्या भावाला. मी जाऊन आतला माठ फोडला. भाऊ गेला तर त्याला माठ कसा मिळेल?"

"फुटका. आणि तुमाला मार मिळंल."

हसला. "बरोबर. कारण किल्ल्या दोन, घर एकच. आता समजा किल्ली न देता तुम्ही भावाला अगदी तसंच दुसरं घर बांधून दिलं. मी तुमच्याकडचा माठ फोडला. भावाचा?"

"शाबूत."

"मशीनला सांगावं लागतं, किल्ली देतोयस की घर. नाही सांगितलं तर ते किल्लीवर भागवतं. स्वस्त पडतं ना."

मग त्याच्या डोळ्यात गंमत आली. "आता कठीण विचारतो. घर दुसरं बांधलं. भिंती वेगळ्या, माठ वेगळा. पण अंगणातली विहीर खणायचा कंटाळा केला. दोन्ही घरांना विहीर एकच ठेवली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दोन घरं अगदी स्वतंत्र. मी त्या विहिरीत काही ओतलं तर?"

"दोगांच्या पण पोटात जाईल."

"शाब्बास," बोलला तो. "हे आमच्यातल्या पुष्कळांना कळत नाही."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. चौथी पास माणूस, आणि काचेच्या खोलीत शाब्बासकी. घरी येऊन हिराला पण ते विहिरीचं सांगितलं. ती बोलली, "एवरा मोटा सायब, नि सांगतंय काय, तं विहिरीत घान टाकू नुको."

आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, टेबलफॅन बनवणारं. त्यांचा मोरपंखी रंग वर्षानुवर्षं आमच्याकडून जायचा. त्यांच्या पेस्टमधे ड्रायर पडायचा दोन किलो. ड्रायर म्हणजे रंग लवकर सुकावा म्हणून घालतात ते. मग कल्याणजवळच्या मोहन्याकडचं एक पंप बनवणारं गिऱ्हाईक आलं. त्यांना तोच मोरपंखी पाहिजे, पण झटपट सुकणारा, कारण ते पातळ हात मारून लगेच खोक्यात भरायचे. सबनीसनं मशीनवर फॅनच्या कार्डावरून पंपाचं कार्ड बनवलं आणि पेस्टच्या शीटमधे ड्रायर दोनाचा पाच केला.

पंपाची पहिली घाणी माझ्या हातून गेली. हिरा कॅन्टीनमधे बोललेली, "नव्या पंपाला पाच हाय ड्रायर, हात जपून." मी स्वतः तो डबा उचलून ओतला. पाचच होता. रंग फक्कड झाला.

दोन दिवसांनी फॅनची घाणी निघाली, ती दुसऱ्या पाळीत, मी नव्हतो. चिठ्ठी आली, हिरानं चिठ्ठीप्रमाणं तोललं, चिठ्ठी टोपलीत गेली. आमच्या लॅबमधे पत्र्यावर पातळ हात मारून बघतात, त्यात काही दिसलं नाही. फॅनवाले जाड रंग बसवायचे. दहा-बारा दिवसांत त्यांचा सगळा माल परत आला. रंगाला सुरकुत्या. म्हातारीच्या हातासारखे फॅन. ड्रायर जास्त झाला की असंच होतं, आमच्याकडच्या कुणालाही विचारा.

चौकशी बसली मॅनेजरच्या केबिनमधे. हिरा उभी, मी दारात, खुर्चीत मॅनेजर, बाजूला सबनीस.

"ड्रायर किती घातला?" मॅनेजरनं विचारलं.

"पाच," हिरा बोलली. "चिठ्ठीत पाच होता. वाटलं, सायबांनी बदललाय."

"चिठ्ठी कुठाय?"

"टाकली. टाकायची असं सायबांनीच सांगितलेलं."

मॅनेजरनं सबनीसला फॅनचं कार्ड छापून आणायला सांगितलं. तो काचेच्या खोलीत गेला, कागद घेऊन आला, टेबलावर ठेवला. ड्रायर दोन.

"सबनीस, मशीन खोटं बोलतं का?"

सबनीस बोलला, "मशीन जे सांगितलं ते करतं, सर."

बास. एवढंच बोलला. शब्दन् शब्द खरा. हिरा त्याच्याकडं बघत होती. मला अजून दिसतं ते. ज्या माणसानं तिचा हात काट्यापेक्षा खरा सांगितला, त्यानं नुसतं तोंड उघडावं म्हणून ती वाट बघत होती. तो कागदाची कड सरळ करत बसला. मॅनेजर बोलला, ही पंपाचं वजन फॅनमधे घालून मोकळी झाली, डोकं ठिकाणावर नाही बाईचं. त्याच आठवड्यात तिला काढली.

मला पण वाटलं, हो, लिहितो, मला पण वाटलं की चुकली असेल. घरी तिला विचारलं, "हिरे, नक्की पाचच बगलास?" ती चुलीपुढून उठली आणि बाहेर जाऊन बसली. नवऱ्यानं हे विचारलेलं तिला त्या कागदापेक्षा जास्त लागलं. मी आज सबनीसचा हिशोब करतोय, पण ही माझी बाजू पण लिहून ठेवतो.

हिराच्या जागी माणूस मिळेपर्यंत मला वजनखोलीत बसवलं. पंपाची दुसरी घाणी आली. मी चिठ्ठी हातात घेतली. ड्रायर दोन.

दोन कसा? पंपाला पाच. मीच ओतलेला. मी चिठ्ठी दोनदा वाचली, नाव बघितलं, पंपच. वाटलं, हे बरंय, मशीनच्या पण चुका होतात. आणि मग एकदम आठवलं. विहीर. दोन घरं, विहीर एक. त्यानं पंपाची पेस्ट पाच केली तेव्हा फॅनची पण पाच झाली, कारण पोटातलं शीट मशीननं उतरवलंच नव्हतं, दोन्ही कार्डं त्याच एका शीटवर गेलेली. हिराच्या चिठ्ठीत पाचच आलेला. माल परत आल्यावर सबनीसच्या ते लक्षात आलं, आणि त्यानं गुपचूप फॅनचा पाच पुसून दोन केला. तोच दोन केबिनमधे छापून दाखवला. पण घाईत विसरला की विहीर अजून एकच आहे. फॅनची साफ केली तर पंपाची पण बदलली. चोरानं एका दारातली पावलं पुसली, ती दुसऱ्या दारात उमटली.

मी दोन तोलून पाठवला. मुद्दाम, पुरावा व्हावा म्हणून. पंपवाल्यांचा रंग तिसऱ्या दिवशी पण बोटाला चिकटत होता, तशी बोंब आली. ती चिठ्ठी मी टोपलीत टाकली नाही.

बुटासकट गेलो काचेच्या खोलीत. त्यानं आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग चिठ्ठीकडं.

"बसा, म्हात्रे."

"बसाया नाय आलो."

"तुम्हाला कळलं," तो बोलला. विचारलं नाही, सांगितलं. चेहरा त्या पांढऱ्या रुमालासारखा. "मला माल परत आला त्या दुपारी कळलं. वाटलं, आधी दुरुस्त करू, पुढचं नुकसान थांबवू. मग सरांनी एकदम बोलावलं. तिथं तोंडच उघडलं नाही."

"आता उगडा. चला माज्यासंगं. आत्ता."

"माझी नोकरी पक्की व्हायची आहे पुढच्या महिन्यात. तेवढं होऊ द्या. मी स्वतः सरांना सांगतो. हिराबाईंना परत आणतो. शब्द देतो."

"तुमी बोलत व्हते ना, मानूस चुकत नाय, मांडनी चुकते? मग बोला ना तेच सायबाला. मांडनी चुकली बोला."

"बघू या हं," तो बोलला. त्या दिवसापासून हे तीन शब्द ऐकले की माझ्या मस्तकात जातं.

त्याची नोकरी पक्की झाली. पेढे वाटले त्यानं. मला पण दिला. मी तो त्याच्या कीबोर्डवर ठेवला आणि बाहेर आलो. पुढचा महिना गेला, दिवाळी गेली. मी मॅनेजरकडं जायला निघालो तर हिरानं वाट अडवली.

"तू चिठी दाखवशील. तो बोलंल, तूच चुकीचा तोललास नि बाईलला वाचवतंस. आन तुलाबी काडतील. घरात दोन पोरा हायेत."

"पन तुजं नाव?"

"माजं नाव मना ठावं हाय. शप्पत घे. मी हाय तवर कोनाला बोलायचा नाय."

घेतली शपथ. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून. ती असेपर्यंत पाळली.

बाया तिला 'पाच किलो' बोलायच्या. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल असं. बाळकुमच्या नाक्यावर ती सुकी मासळी घेऊन बसायला लागली, वाटे मांडून. गिऱ्हाईक बोलायचं, मावशी, वजनावर द्या ना. ती बोलायची, आमच्यात तराजू नाय. भाजी घ्यायला गेली तर भाजीवाला तोलत असताना पाठ फिरवून उभी राहायची. काट्याकडं बघायचीच नाही. मी एकदा बोललो, अगं तो मापात मारंल. बोलली, "मारू दे."

शपथ न बोलण्याची होती, पण बाकीचं करायला मी मोकळा होतो. केलं. त्या दिवसानंतर काचेच्या खोलीत काही पोचवायला गेलो की बूट काढला नाही. पावसाळ्यात तर मुद्दाम चिखलातून जायचो. तो मी गेलो की वाकून फरशी पुसायचा, त्या हात पुसायच्या रुमालानं. मी काचेबाहेर थांबून बघायचो.

ब्याण्णवच्या आसपास त्यानं डोंबिवलीला स्वतःचं घर घेतलं, वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. मी एकटा गेलो. हॉल भरलेला, त्याची बायको हौसेनं घर दाखवत होती. बाल्कनी, स्वयंपाकघर, देवघर. मी सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, घर तर फक्कड. विहीर कुणाची हाय?"

लोक हसले. गोसावी बोलला, "अरे, तिसऱ्या मजल्यावर कसली विहीर?" सबनीसच्या हातात सरबताचा ट्रे होता. त्यानं ट्रे टेबलावर ठेवला आणि आत गेला, तो मी निघेपर्यंत बाहेर आला नाही.

त्यानंतर कंपनी बंद होईपर्यंत माझं एकच चाललं. भेटला की विचारायचं, "विहीर काय बोलते?" लोकांना वाटायचं आमची काहीतरी जुनी मस्करी आहे. त्याला पोटाचा अल्सर झाला, कॅन्टीनमधे नुसतं दूध प्यायचा. मला बरं वाटलं. आता म्हातारपणी त्याची लाज वाटायला पाहिजे, पण वाटत नाही.

एक मात्र सांगायला पाहिजे. कंपनी सुटल्यावर त्यानं डोंबिवलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि आमच्या कामगारांच्या पोरांना फुकट शिकवलं. बरीच पोरं कामाधंद्याला लागली. म्हणून तर हा सत्कार. माझी पोरगी शैला, तिला पण त्यानं निरोप पाठवलेला. मी नाही पाठवली. ती रडली, दोन दिवस जेवली नाही. मग कल्याणला दुसरीकडं शिकली. एके दिवशी मी तिला त्या कार्डांचं विचारलं, नावं न घेता. तिनं वहीत दोन चौकोन काढले, दोन्हीतून एकेक रेघ काढून तिसऱ्या चौकोनाला जोडली आणि बोलली, "बाबा, वरवरची नक्कल झाली ही. आतलं, त्याच्या आतलं, सगळं नव्यानं करायला लागतं, नाहीतर नुसता पत्ता जातो. हे तर पहिल्या महिन्यात शिकवतात."

पहिल्या महिन्यात. जिच्यापायी माझ्या बायकोचं नाव गेलं ती चूक पहिल्या महिन्यातली. चुकीचं मला काही नाही, चुका मी पण पुष्कळ केल्या. त्यानं केबिनमधे एवढं बोलायचं होतं, "सर, माझ्याकडून राहिलं." मॅनेजर ओरडला असता. बास. त्याला एवढ्या शिकलेल्या माणसाला कोण काढणार होतं? तोलणारी बाई काढणं सोपं होतं, ते त्याला ठाऊक होतं. तो सगळ्यात मऊ माणूस, आणि त्यानं वार करायला सगळ्यात मऊ जागा निवडली.

हिरा आजारी पडली या वर्षी. ठाण्याच्या दवाखान्यात होती. सिस्टरनं पातळ औषध मापाच्या झाकणात ओतून दिलं तर हिनं ते डोळ्यासमोर धरलं, रेघेला रेघ लावून बघितली आणि बोलली, "थोडा जास्त हाय." सिस्टरनं बघितलं, तर खरंच जास्त. बाजूच्या खाटेवरची बाई हसली. मी भिंतीकडं तोंड केलं.

दहाव्याला तो आला. खाडीवरनं विधी आटपून आम्ही घरी परतलो तर ओट्याजवळ उभा. केस पांढरे, आणखी वाळलेला. ओट्यावर वजनखोलीतल्या जुन्या सहा बाया बसलेल्या, हिराला 'पाच किलो' बोलणाऱ्या त्याच, रडून डोळे सुजलेले. त्यानं मला घराच्या कोपऱ्याला घेतलं आणि हात धरायला गेला. मी हात मागं घेतला.

"म्हात्रे, मी रोज... मला माफ करा."

"मी कोन माफ करनारा? जिनं करायचं ती गेली."

"मग मी काय करू? सांगाल ते करतो."

"त्या सहा जनी बसल्यात ना," मी बोललो, "त्यांना जाऊन सांगा, चिठीत पाच व्हता. बाकी काय नको. चार शब्द. मग मी तुमच्या पाया पडतो."

त्यानं मान हलवली. खरंच निघाला. ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. बायांनी पदर सावरले, एकीनं सरकून जागा केली, "बसा साहेब." तो बसला नाही. त्यानं हात जोडले. मी कोपऱ्यातून बघत होतो आणि, देवाशप्पथ, त्या घटकेला मला त्याच्यासाठीच वाटत होतं, की बोल रे बाबा. बोलून टाक.

"हिराबाई," तो बोलला, "फार चांगल्या होत्या."

आणि वळून बसस्टॉपकडं गेला.

स्टॉप आमच्या ओट्याच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की. बस नव्हती. तो खांबाजवळ उभा राहिला, आमच्याकडं पाठ करून.

"साहेबांचा जीव व्हता हो तिच्यावर," एक बाई बोलली. "काय बोलत व्हते तुमाला कोपऱ्यात?"

मी ओट्यावर बसलो. "सांगतो," बोललो, "नीट आयका." आणि सांगितलं. चिठ्ठी, कार्ड, पाच, दोन, केबिन. घाई केली नाही, आवाज पण चढवला नाही. भर दुपार होती, रस्त्यावर वर्दळ नव्हती, स्टॉपपर्यंत ऐकू जात असणार. मधेच कुणीतरी "अगं बाई" बोललं. शेवटी त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी उठून ओट्याच्या कडेला गेली. तिच्यामागं दुसरी. मग सगळ्याच उठल्या.

त्यानं एकदा मागं वळून बघितलं. सहा बाया ओळीनं उभ्या होत्या, त्याच्याकडं बघत. तो पुन्हा रस्त्याकडं वळला आणि बस जिकडून येते तिकडं मान लांब करून बघत राहिला. बस यायला बराच वेळ लागला.